धान्यांतील किडा येतो कोठून ?

एका वाचक-भगिनीचा प्रश्न या अंकासाठीं निवडला आहे. त्या लिहितात : “तांदूळ निवडून, चाळून, घट्ट झांकणाच्या डब्यांत भरले. दीड महिना डबा उघडला नव्हता. उघडून पाहतें तों आंत सोंडे ! सासूबाई म्हणाल्या, ‘धान्य म्हटलें कीं त्यांत किडे व्हायचेच.’ माझा नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, ‘पण झांकण तर बंद होतें, मग ते शिरले कोठून ?’ आतां दोघांपैकीं कोणाचें ऐकावें ?”

प्रश्न नऊ वर्षांच्या मुलाचा आहे, म्हणून तो लहान समजूं नये. सजीव वस्तु निर्जीवांतून आपोआप उपजते काय, या वादांत यूरोपांतील मोठमोठे पंडित दोनशें वर्षें गुंतले होते. आणि तो वाद मिटतां मिटतां शास्त्रीय शोधाची रीति व पेशीचा सिद्धांत अशा दोन मोलाच्या गोष्टी जगाच्या पदरांत पडल्या. प्रथम सासूबाईंचें म्हणणें नीट समजून घेऊं, कारण त्यांच्या पाठीशीं मोठी परंपरा उभी आहे.

आपल्या शास्त्रकारांनीं भूतमात्रांचे उत्पत्तीवरून वर्ग पाडले. वारेसह जन्मणारे ते जरायुज, अंड्यांतून निघणारे ते अंडज, भूमि फोडून वर येणारे ते उद्भिज्ज, आणि घाम, ऊब व ओल यांपासून होणारे ते स्वेदज. मनुस्मृतींत डांस, उवा, माशा व ढेकूण यांची गणना स्वेदजांत केली आहे. ऐतरेय उपनिषदांतहि हे चार वर्ग आढळतात. छांदोग्यांत मात्र तीनच बीजें सांगितलीं आहेत. स्वेदजांचें नांव तेथें नाहीं. ग्रीकांचा आचार्य ॲरिस्टॉटल याचेंहि मत असेंच होतें कीं, चिखल व कुजके पदार्थ यांतून कित्येक क्षुद्र जीव आपोआप उपजतात. सतराव्या शतकांत व्हॅन हेल्मॉंट नांवाच्या नामांकित रसायनशास्त्रज्ञानें तर उंदीर तयार करण्याची कृतिच लिहून ठेविली होती. मळका सदरा आणि गहूं एका भांड्यांत घालून ठेवावे, २१ दिवसांनीं उंदीर तयार ! त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं ही कृति छापली गेली.

हें वाचून मुलें हंसतील. वडील माणसांनीं हंसूं नये. या सर्वांनीं जें पाहिलें तें खरेंच पाहिलें होतें. जेथें ओल तेथें किडे, जेथें गव्हाचीं पोतीं तेथें उंदीर, हें आजहि दिसतें. डोळ्यांची चूक नव्हती. ‘दिसलें’ आणि ‘सिद्ध झालें’ यांमधील अंतर मात्र कोणीं मोजलें नव्हतें.

तें कसें मोजावें, हें आपल्या न्यायशास्त्रानें बारकाईनें सांगितलें आहे. धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें आपण अनुमान करतों, तें योग्यच. पण अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें कोणी म्हणूं लागला, तर नैयायिक त्याच्यापुढें तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवतो. अग्नि आहे, धूर नाहीं. मग धूर होतो कशामुळें ? ओल्या सर्पणामुळें. या ओल्या सर्पणाला न्यायशास्त्रांत ‘उपाधि’ म्हणतात. खरें कारण आड दडून बसतें आणि श्रेय शेजारच्यालाच मिळतें. तें हुडकून काढण्याचा उपाय म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक. कारण असतां कार्य घडतें काय ? आणि तेवढें एकच कारण काढून घेऊन बाकीचें सर्व जसेंच्या तसें ठेवलें, तर कार्य थांबतें काय ? आधुनिक विज्ञानांत ज्याला नियंत्रित प्रयोग म्हणतात, त्याचा आत्मा या दोन शब्दांत सामावलेला आहे. आपल्याकडे हा नियम बहुधा वादसभेंतच चालत राहिला. इटलींतील एका राजवैद्यानें तो मांसाच्या बाटल्यांना लावून पाहिला.

त्याचें नांव फ्रान्सेस्को रेडी. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या पदरीं तो वैद्य होता. सडलेल्या मांसांत अळ्या होतात, त्या मांसापासूनच होतात अशी सर्वांची समजूत होती. रेडीनें पाहिलें कीं, अळ्या पडण्यापूर्वीं मांसावर माशा बसलेल्या असतात, आणि अळ्यांच्या पुढें माशाच होतात. त्यावरून त्यानें तर्क केला कीं, अळ्या माशांच्या अंड्यांतून येत असाव्यात. पुष्कळ विद्वान् एवढ्यावर थांबून ग्रंथ लिहिते. रेडीनें पुढचा प्रश्न विचारला : माझा तर्क खरा असेल, तर माशांना अटकाव केल्यावर काय दिसलें पाहिजे ? त्यानें चार बाटल्यांत साप, नदींतील मासे, आर्नो नदीच्या वामी आणि वासराचें मांस असे पदार्थ घालून तोंडें कागदानें व दोऱ्यानें घट्ट बांधलीं. तशाच दुसऱ्या चार बाटल्या भरून उघड्या ठेवल्या. उघड्या बाटल्यांत अळ्याच अळ्या. बंद बाटल्यांत मांस सडलें, दुर्गंधि सुटली, पण अळी एकहि नाहीं.

यावर कोणीहि म्हणूं शकला असता, “झांकणानें माशांबरोबर हवाहि अडली, हवेवांचून जीव कसा उपजेल?” आक्षेप योग्य आहे. येथें हवा हीच उपाधि होऊं शकते. म्हणून रेडीनें प्रयोग फिरून केला. या वेळीं त्यानें तोंडाला अगदीं तलम जाळीदार वस्त्र बांधलें. हवा आंत जाऊं शकत होती, माशी मात्र नाहीं. माशा वासानें आल्या, वस्त्रावर बसल्या, तेथेंच अंडीं घालून गेल्या. आंतील मांसांत अळी झाली नाहीं. १६६८ सालीं त्यानें हे प्रयोग ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. मुलांना विज्ञानाची रीति एका गोष्टींत शिकवावयाची असेल तर ही गोष्ट पुरेशी आहे. आधीं निरीक्षण, मग तर्क, तर्कावरून पुढें काय दिसावें याचें भाकित, एकाच गोष्टीचा फरक ठेवून प्रयोग, आणि शेवटीं प्रतिपक्षाचा आक्षेप स्वतःच उभा करून त्याचें निरसन.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. झाडांच्या पानांवर ज्या गांठी येतात त्यांतील किडे मात्र झाडच उत्पन्न करतें, असें रेडीनें म्हटलें होतें. त्या गांठींतहि कीटकांचींच अंडीं असतात, हें माल्पिगी व वालिस्नेरी या त्याच्याच देशबांधवांनीं दाखविलें. मोठ्या माणसाचें एक म्हणणें सिद्ध झालें म्हणून दुसरें आपोआप सिद्ध होत नाहीं. प्रत्येक म्हणण्याची परीक्षा वेगळी.

आतां तांदळाच्या डब्याकडे वळूं. सोंड्याची मादी आपल्या सोंडेनें तांदळाच्या दाण्याला बारीक भोंक पाडते, त्यांत एक अंडें घालते, आणि वर चिकट स्रावाचें बूच बसवून भोंक बुजवून टाकते. वरून पाहणाऱ्यास दाणा अखंड दिसतो. अळी दाण्याच्या आंतच खाते, आंतच कोष करते, आणि उष्ण हवेंत महिन्याभरानें पूर्ण वाढलेला सोंडा दाणा फोडून बाहेर पडतो. तात्पर्य, डब्याचें झांकण लावलें तेव्हां किडा आंतच होता. तो शिरला शेतांत, खळ्यावर किंवा वखारींत. निवडणाऱ्या सुनेचा दोष नाहीं, कारण निवडतांना तो दिसणारच नव्हता. दीड महिन्याचा हिशेबहि बरोबर जुळतो. मुलाचा प्रश्न रास्त होता, आणि सासूबाईंचें निरीक्षणहि खोटें नव्हतें. फक्त ‘व्हायचेच’ या शब्दाच्या जागीं ‘आधींच होते’ असें म्हणावयास हवें. हें एकदां समजलें म्हणजे उपायहि समजतात. कडक ऊन देणें, कडधान्याला एरंडेल चोळणें, किंवा आजच्या सोयीप्रमाणें धान्य आठवडाभर फ्रीझरमध्यें ठेवणें, हे सर्व उपाय त्या न दिसणाऱ्या अंड्यांवर व अळ्यांवर आहेत.

येथें वाद संपावयास हवा होता. पण मध्यंतरीं हॉलंडमध्यें डेल्फ्ट गांवच्या लीवेनहूक नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें स्वतः घांसलेल्या भिंगांतून पाण्याचा थेंब पाहिला, आणि त्यांत हालणारे, पोहणारे असंख्य सूक्ष्म जीव त्यास दिसले. १६७६ सालीं त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीला तसें सविस्तर लिहून कळविलें. सोसायटीनें त्याच्या शब्दावर भिस्त ठेविली नाहीं. आपल्या रॉबर्ट हूककडून १६७७ सालीं तोच प्रयोग करवून घेतला, हूकलाहि ते जीव दिसले, आणि मग मान्यता दिली. माशीचीं अंडीं डोळ्यांना दिसतात. पण या सूक्ष्म जीवांचीं बीजें कोणीं पाहिलीं आहेत? तेव्हां निदान हे तरी आपोआप होत असतील, असा जुना पक्ष पुन्हां उभा राहिला.

अठराव्या शतकांत नीडहॅमनें मांसाचा रस्सा तापवून बाटलींत बुचानें बंद केला. कांहीं दिवसांनीं त्यांत जीव दिसले. स्पालांझानीनें बाटल्यांचीं तोंडें कांच वितळवून बंद केलीं, रस्सा बराच वेळ उकळला, आणि जीव दिसले नाहींत. नीडहॅम म्हणाला, “इतक्या उकळण्यानें रसांतील उत्पादक शक्तिच मेली.” रेडीच्या वेळचीच अडचण दुसऱ्या रूपानें पुढें आली. तिचें निरसन लुई पाश्चर यानें १८५९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत केलें. त्यानें कांचेच्या चंबूची मान तापवून राजहंसाच्या मानेसारखी लांब व वांकडी ओढली, पण तोंड उघडेंच ठेवलें. आंतील रस उकळला. हवा खुशाल आंत-बाहेर करीत होती. हवेंतील धूळ मात्र मानेच्या वांकणांत अडकून राहत होती. रस महिनोन्महिने निर्मळ राहिला. चंबू कलता करून रस त्या वांकणापर्यंत नेला, कीं थोड्याच दिवसांत तो गढूळ होई. रसांतील शक्ति मेली नव्हती, हवाहि अडली नव्हती; अडली होती ती फक्त धूळ आणि धुळीवर बसून येणारे जीव.

आपल्या घरांतील स्त्रियांना यांत नवल वाटूं नये. तापवून निवविलेल्या दुधाला विरजण लावल्यावांचून चांगलें दहीं लागत नाहीं, हें त्या रोजच अनुभवतात. विरजण म्हणजे दह्याच्या जीवांचें बीजच होय. दूध आंबविणाऱ्या या जीवांवर पाश्चरनें १८५७ सालींच निबंध लिहिला होता.

त्याचा प्रतिस्पर्धी पूशे हा कांहीं लबाड मनुष्य नव्हता. त्यानें वाळल्या गवताचा काढा उकळून तसेच प्रयोग केले, आणि त्याच्या बाटल्यांत खरोखरच जीव झाले. फ्रेंच ॲकॅडमीनें निकाल पाश्चरच्या बाजूनें दिला, तरी पूशेच्या बाटल्यांचें कोडें राहिलेंच. तें पुढें १८७६-७७ च्या सुमारास कोन व टिंडाल यांनीं सोडविलें. गवतावरील कांहीं जंतु संकट आलें म्हणजे कठीण कवचाचे बीजाणु बनवितात, आणि ते बीजाणु उकळत्या पाण्यांतहि मरत नाहींत. विरुद्ध पुरावा दडपून न टाकतां त्याचा शोध घेतला, म्हणून हें नवें ज्ञान हातीं आलें.

आतां पेशीविषयीं. १६६५ सालीं याच रॉबर्ट हूकनें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तों त्यांत मधमाशांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. मठांतील साधूंच्या खोल्यांना जो शब्द लावीत, तोच त्यानें या कप्प्यांना लावला. त्याच्या गणितानें एका घनइंच बुचांत अशा सव्वाशें कोटींहून अधिक खोल्या भरल्या. आपण त्यास पेशी म्हणतों. हा शब्द जुना आहे, पण सुश्रुतसंहितेंत तो मांसपेशींना लावलेला आहे. नव्या अर्थाशीं त्याची गल्लत करूं नये.

पेशी पाहावयाची असेल तर कांद्याच्या पाकळीच्या आंतील पातळ पापुद्रा घ्यावा. चातुर्मासांत ज्या घरीं कांदा वर्ज्य असेल त्यांनीं गालाच्या आंतून काडीनें हलकेच खरवडून घेतलेला थर घ्यावा. त्यावर आयोडिनचा थेंब टाकून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, कीं कांद्याच्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या ओळीनें मांडलेल्या दिसतात, आणि प्रत्येकींत एक गडद ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे केंद्रक. पेशीला बाहेरून पातळ पटल असतें. काय आंत घ्यावें, काय बाहेर टाकावें, हें तें ठरवितें. आंत पेशीद्रव असतो आणि त्यांत अन्नापासून शक्ति मिळविणारीं व निरनिराळे पदार्थ बनविणारीं सूक्ष्म अंगें असतात. केंद्रकांत गुणसूत्रें असतात. मनुष्याच्या पेशींत तीं ४६ असून त्यांपैकीं २३ मातेकडून व २३ पित्याकडून आलेलीं असतात. वनस्पतींच्या पेशीला पटलाबाहेर आणखी भित्तिका असते, आणि पानांच्या पेशींत सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे हरितकण असतात. जंतूंचें सर्व शरीर एकाच पेशीचें असतें व त्यांत वेगळें केंद्रक नसतें. मनुष्याच्या देहांत मात्र अदमासें ३० लाख कोटि पेशी नांदतात. आपल्या एकत्र कुटुंबांपेक्षां हें कुटुंब केवढें मोठें, आणि कामाची वांटणी किती चोख ! रक्तांतील तांबडी पेशी प्राणवायु वाहून नेण्यासाठीं आपलें केंद्रकहि टाकून देते आणि सुमारें १२० दिवस सेवा करून निवृत्त होते.

सर्व वनस्पति पेशींच्या बनलेल्या आहेत हें श्लायडेननें १८३८ सालीं, आणि प्राणीहि तसेच आहेत हें श्वाननें १८३९ सालीं प्रतिपादिलें. गंमत अशी कीं, नवी पेशी ही मिठाच्या खड्याप्रमाणें द्रवांत आपोआप जमते, असें त्यांस वाटत होतें. म्हणजे दारांतून घालविलेला स्वेदज खिडकींतून पुन्हां आंत आला ! रेमाकनें १८५२ सालीं आणि फिरखोनें १८५५ सालीं निश्चून सांगितलें कीं, पेशी केवळ पेशीपासूनच, तिच्या विभागणीनें होते. धान्यांतील किडा, मांसांतील अळी, रश्शांतील जंतु व देहांतील पेशी या चारांचें उत्तर असें एकच ठरलें. पृथ्वीवर सर्वांत पहिली पेशी कशी झाली, हा प्रश्न निराळा. ती गोष्ट साडेतीनशें कोटि वर्षांपूर्वींची किंवा त्याहूनहि मागची. तेव्हांची पृथ्वी आजच्यासारखी नव्हती, आणि पाश्चरच्या चंबूनें त्या प्रश्नाचा निकाल लावलेला नाहीं.

हा सारा पंडितांचा वाद. संसारी माणसाला त्याचें काय? वाचकहो, याचें उत्तर बाळंतिणीच्या खोलींत आहे. पाश्चरचे निबंध वाचून ग्लासगोचा शस्त्रवैद्य लिस्टर यानें विचार केला : जखम आपोआप सडत नसेल, बाहेरून जीव येत असतील, तर त्यांस अडवितां येईल. १८६५ सालीं गाडीखालीं सांपडून पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्यानें कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. अशा जखमेंत तेव्हां पाय कापावा लागे, पुष्कळदां प्राणहि जाई. हा मुलगा सहा आठवड्यांत पायांनीं चालत घरीं गेला.

आपल्याकडील नवजात अर्भकांचा धनुर्वात याच जातीचा. त्याचे बीजाणु मातींत व शेणांत असतात, आणि गवतावरील बीजाणूंप्रमाणेंच चिवट असतात. अस्वच्छ विळ्यानें नाळ कापली, किंवा नाळेवर राख, शेण असें कांहीं लावलें, कीं ते आंत शिरतात, आणि बहुधा तिसऱ्या दिवसापासून चवदाव्या दिवसापर्यंत मूल आंखडूं लागतें. पांचवीच्या व सहावीच्या रात्रीं जागून काढणाऱ्या आपल्या पणज्यांची भीति खोटी नव्हती. शत्रु कोठून येतो हें मात्र त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. ‘व्हायचेंच’ म्हणून त्यांनीं किती पाळणे रिकामे होतांना पाहिले असतील ! कितासातो यानें १८८९ सालीं हा जंतु वेगळा करून दाखविला. मातेला लस, निर्जंतुक पातें आणि कोरडी, स्वच्छ नाळ, एवढ्या तीन साधनांनीं हा रोग हटला. भारतांत तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं मान्य केलें. बीजाणु मात्र मातींत आहेतच; म्हणून लस चुकवून चालणार नाहीं.

वडिलांचा शब्द हें प्रमाण आहे, हें मींहि मानतों. न्यायशास्त्रानें शब्दाला चार प्रमाणांत स्थान दिलें आहे. पण तें चारांतील एक आहे, आणि प्रत्यक्ष हें पहिलें. घरांतील मुलानें “कोठून ?” असें विचारलें तर त्यास उद्धट म्हणूं नये, आणि मुलानेंहि नुसतें विचारून थांबूं नये.

मुलांसाठीं या महिन्याचा पाठ असा. भुंगेरे लागलेल्या मुगांतून, भिंगानें पाहून, ज्यांवर पांढरे बारीक ठिपके चिकटले आहेत असे ५० दाणे काढावे. तीं भुंगेऱ्याचीं अंडीं आहेत. अगदीं स्वच्छ व भोंक नसलेले दुसरे ५० दाणे निवडावे. दोन सारख्या बाटल्यांत ते घालून दोहोंचीं तोंडें एकाच तलम कापडानें बांधावीं आणि शेजारीं शेजारीं ठेवावीं. प्रारंभींच वहींत लिहावें कीं, कोणत्या बाटलींत काय होईल असें आपणांस वाटतें. ४० दिवस रोज पाहून टिपण करावें. स्वच्छ बाटलींत एखादा भुंगेरा निघालाच, तर तो लपवूं नये; तो कोठून आला असावा, याचा तर्क लिहून प्रयोग पुन्हां मांडावा. आजीलाहि दोन्ही बाटल्या दाखवाव्या आणि तिचें मत त्याच वहींत आदरपूर्वक उतरून घ्यावें.